राहीबाईच्या साबणाच्या माळा

राहीबाई उंच होत्या. आमच्या गल्लीतल्या बायका नळावर जमल्या की त्यांचं डोकं सगळ्यांच्या वर दिसायचं. माहेर त्यांचं जावळीतलं, मेढ्याच्याही वरच्या अंगाला, डोंगरात. सांगलीच्या सपाट रस्त्यानंसुद्धा त्या चढ चढल्यासारख्या पुढे वाकून चालत. बोलणं थोडं. जे बोलायच्या ते तोंडावर.

मी लग्न होऊन वाईहून सांगलीला आले, ते त्यांच्या शेजारी. आमचे हे पोस्टात होते. पलीकडचं घर केरबा बत्तासेवाल्याचं. आडनाव त्यांचं वेगळंच काहीतरी होतं, पण पेठेत ते कुणाला ठाऊक नव्हतं. घरात माणसं तीन: केरबा, त्याची बायको म्हणजे राहीबाई, आणि केरबाचे वडील नानासो. मूलबाळ नव्हतं. पाडव्याच्या गाठी, होळीचे साखरेचे हत्ती-घोडे, संक्रांतीचा हलवा आणि बारा महिने बत्तासे, हा त्यांचा धंदा. नानासोंना मोतीबिंदू झाला होता. उजेड-अंधार कळायचा, माणूस आवाजावरून ओळखायचे. तरी पाक तयार झाला का नाही हे ते उकळण्याच्या आवाजावरून सांगत, आणि केरबा ते ऐकून कढई उतरवी.

त्यांच्या घरात पाहण्यासारखी वस्तू म्हणजे साचे. सागवानी लांब फळ्या, त्यांत ओळीनं गोल खळगे कोरलेले, प्रत्येक खळग्यात एक फूल. त्या खळग्यांतून दोरा आडवा टाकायचा, वरून पाक ओतायचा, थिजला की दोऱ्याला धरून अख्खी माळ उचलायची. हे साचे नानासोंच्या वडिलांनी स्वतः कोरलेले. दसऱ्याला शेतकरी नांगर पूजतात, तसे यांच्या घरी साचे पूजले जायचे.

मग लढाईच्या दिवसांत साखर रेशनवर गेली. कार्डावर मिळायची ती चहाला पुरत नव्हती, तिथे गाठींना कुठली? केरबानं थोडे दिवस गुळाच्या गाठी करून पाहिल्या. गूळ सांगलीत मुबलक, पण गुळाचा पाक साच्यातून सुटेना, आणि सुटला तर पावसाळी हवेत पाझरायला लागे. शेवटी चूल बंद पडली. केरबाच्या ओळखीचा एक जण महाबळेश्वरात एका हॉटेलच्या भटारखान्यात होता. हॉटेलांना साखरेचा कोटा मिळत असे. दिवाळी झाल्यावर केरबा तिकडे गेला. पावसाच्या तोंडाला डोंगर रिकामा झाला की परत यायचं, असं ठरलं.

घरी राहीबाई आणि सासरे दोघंच राहिले. दोघांचा स्वयंपाक तो किती! सकाळी लवकर सगळं आवरायचं आणि राहीबाई उंबऱ्यात येऊन बसायच्या. ज्यांनी जन्मभर गरम पाकातले दोरे ओढले, ते हात मांडीवर नुसते पडलेले. एकदा मी म्हटलं, "राहीबाई, बरं आहे की, जरा विसावा मिळाला."

"कशाचं बरं वैनी?" त्या म्हणाल्या. "बसून बसून अंगाला वास मारायला लागलाय."

साबणाची टंचाई त्याच सुमारास आली. कपड्यांचा साबण दुकानात आला की तासाभरात संपायचा, आणि जो मिळायचा त्यात मातीच जास्त. कृष्णेच्या घाटावर बायका रिठे नाहीतर राख घेऊन यायला लागल्या. नानासोंना अंगाला खाज सुटायची, त्यांचे कपडे रोज उकळून धुवावे लागत. राखेनं धुतलेलं धोतर त्यांना टोचायचं. ते तक्रार करत नसत, पण पाठ भिंतीला घासत बसायचे ते राहीबाईंना दिसे.

गल्लीच्या टोकाला बिराप्पा नावाचा म्हातारा राहायचा. अथणीकडचा. हयात सगळी सूत रंगवण्यात गेलेली, त्यामुळे नखं कायमची निळी. त्याचे कपडे मात्र स्वच्छ. राहीबाईंनी त्याला एक दिवस रस्त्यातच गाठलं.

"बिराप्पा, तुमाला साबन कुठनं मिळतुया?"

"मिळत न्हाई. मीच करतो."

"मला शिकवा."

बिराप्पानं त्यांच्याकडे पाहिलं. तो राहीबाईंना 'तंगी' म्हणायचा, म्हणजे धाकटी बहीण. "तंगी, ह्यो खेळ न्हवं. त्येचं पानी कातडं सोलून काढतंय. बाईमाणसानं करायचं काम न्हवं ते."

"उकळता पाक अंगावर उडाल्यावर काय व्हतंय ते बगायचंय?" राहीबाईंनी पदर सरकवून दंडावरचे जुने डाग दाखवले.

दुसऱ्या दिवशी बिराप्पा त्यांच्या मागच्या अंगणात हजर झाला. मी कुंपणापलीकडून बघत होते, पुढे पुढे कुंपणाच्या अलीकडे येऊन बघायला लागले. साबणाला लागणारा कॉस्टिक सोडा बाजारात मिळत नव्हता. बिराप्पाची रीत अशी: धुण्याचा सोडा पाण्यात उकळायचा, त्यात विझवलेला चुना घालायचा, घोटायचं आणि रात्रभर निवळू द्यायचं. तळाला पांढरा गाळ बसतो. वरचं स्वच्छ पाणी हलक्या हातानं काढून पुन्हा आटवायचं. दिसायला ते साध्या पाण्यासारखंच, पण त्यात कोंबडीचं पीस टाकलं की विरघळून जायचं. पाणी पुरतं कडक झालं का हे पाहायला बिराप्पा त्यात बटाटा सोडायचा. बुडाला तर आणखी आटवायचं. तरंगून त्याचा थोडा भाग वर राहिला की झालं.

"भांडं लोखंडाचं," तो बजावायचा. "तांबं न्हाई, पितळ न्हाई, जर्मल तर न्हाईच न्हाई."

राहीबाईंनी एकदा घाईत जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात ते पाणी ओतलं. पातेलं फसफसायला लागलं, काळं पडलं, आणि बुडाला चाळणीसारखी भोकं पडली. त्यानंतर त्यांनी त्या पाण्यासाठी लोखंडी कढई वेगळी काढली आणि तिला लाल चिंधी बांधली.

पाणी गार झालं की तेल. शेंगतेल आमच्याकडचंच, ते निम्मं. करंजीच्या, म्हणजे करंजाच्या झाडाच्या, बियांचं तेल निम्म्याला थोडं कमी. ते स्वस्त, पण उग्र वासाचं. आणि जमलं तर साबण कडक व्हायला थोडं खोबरेल. तेलात ते खाराचं पाणी बारीक धारेनं सोडायचं आणि बांबूच्या काठीनं ढवळत राहायचं. खाली जाळ नसतो. आपोआपच ते कोमट होतं, दाट होत जातं, आणि शेवटी पिठल्यासारखं होतं. काठी उचलून वर रेघ ओढली की रेघ तशीच दिसत राहिली पाहिजे. मग ओतायचं.

पहिला घाणा राहीबाईंनी चहाच्या लाकडी खोक्यात ओतला. दोन दिवसांनी सुरीनं कापायला घेतला तर कडा भुसभुशीत, मध्ये लोण्यासारखा मऊ. वड्या पडेनात. बिराप्पा म्हणाला, "ल्हान ल्हान भांड्यात वत. मी करवंट्यात वततो." पण तेवढ्या करवंट्या राहीबाईंकडे कुठल्या? त्यांनी दिवाळीच्या पणत्या घेतल्या. पणत्यांनी तेल पिऊन टाकलं, आणि साबण काढायला पणती फोडावी लागली.

मग त्यांचं लक्ष फळीवर ठेवलेल्या साच्यांकडे गेलं.

हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं. त्या म्हणाल्या, "लय येळ बगत हुते साच्यांकडं. मग म्हनलं, एकच काढावा. एकानं काय व्हतंय."

पहिल्यांदा साबण साच्याला असा चिकटला की फुलं अर्धी लाकडात राहिली. काडीनं उकरून काढावा लागला. त्याच आठवड्यात त्यांचा भाऊ मेढ्याहून आला होता. येताना त्यानं डोंगरातल्या मधाच्या पोळ्यांचं मेण आणलं होतं, टाचांच्या भेगांना लावायला. राहीबाईंनी साचा उन्हात तापवला, आतून मेणाचा हात फिरवला, दोरा आडवा टाकला आणि साबण ओतला. वर गोणपाट घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोऱ्याला धरून हलकेच ओढलं, तर सबंध माळ उचलून हातात आली. प्रत्येक वडीवर फूल, पाकळी न् पाकळी दिसणारं. ती माळ हातात धरून त्या आमच्या दारात आल्या. तेव्हा मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

ताजा साबण वापरता येत नाही. महिनाभर वारं लागलं पाहिजे, तोवर त्यातला खार मरत नाही. दोरा होता म्हणून ते काम सोपं झालं. बत्ताशांच्या खोलीत भिंतीला खुंट्या होत्या, त्यांना माळा टांगल्या. उंदरांना पोचता येईना, वाराही सगळीकडून लागला. तयार झाला का हे पाहायला बिराप्पा वडीला जिभेचं टोक लावायचा. चुरचुरलं तर अजून राहू दे.

पहिली तयार माळ घेऊन राहीबाई घाटावर गेल्या. नदीवर धुताना साबण हातातून निसटतो आणि पाण्याबरोबर जातो, हे सगळ्या बायकांचं दुखणं. राहीबाईंनी दोऱ्यासकट वडी कापली आणि दोरा मनगटाला अडकवून धुवायला बसल्या. साबण हातातून सुटला तरी मनगटाला लोंबत राहिला. जवळची बाई म्हणाली, "आगं बया, ह्ये बेस हाय की. मला दे एक." तिला दिली. मग दुसरीनं मागितली. त्या दिवशी माळ घरी परत आली नाही.

उन्हाळ्यापर्यंत त्यांचा जम बसला, आणि एका साच्याचे हळूहळू सगळेच साचे कामाला लागले. वडीला करंजीचा वास यायचा, पण मळ निघायचा आणि कपडा विरत नसे. आमच्या सासूबाई आधी नाक मुरडत होत्या, नंतर त्याच मला म्हणायला लागल्या, "पलीकडून दोन वड्या घेऊन ये गं." नानासोंची खाजही कमी झाली. करंजीचं तेल त्वचेला चांगलं, असं बिराप्पाचं म्हणणं होतं.

एकदा राहीबाईंना वाटलं, साबणाला जरा रंग असावा. सांगलीत हळदीला काय तोटा! बाजारातून त्यांनी हळदीची झाडलोट आणली आणि पिवळाधमक साबण होईल म्हणून ढवळताना त्यात टाकली. बघता बघता सगळा घाणा लालभडक झाला. त्या घाबरल्या. हाक मारून बिराप्पाला बोलावलं. तो पोट धरून हसायला लागला. "तंगी, कुक्कू कशाचं करत्यात? हळदीला खार लागला की कुक्कूच व्हनार!" त्या माळा वाळून विटकरी झाल्या, पण घाटावर बायका त्यांना हात लावेनात. कुंकवासारख्या रंगानं नवऱ्याचं धोतर कसं धुवायचं? शेवटी तो साबण आमच्या घरी भांड्यांना संपला.

त्या पावसाळ्यात केरबा खाली आलाच नाही, हॉटेल राखायला त्याला वरच ठेवून घेतलं. पुढच्या वर्षी पाडव्याच्या आधी घडलं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं.

राहीबाई बाजारात गेल्या होत्या. नानासो काठीनं चाचपत बत्ताशांच्या खोलीत गेले. आदल्या दिवशीच काढलेल्या माळा तिथे टांगलेल्या होत्या. राहीबाईंनी साबण करते एवढंच त्यांना सांगितलेलं होतं. कशात ओतते ते सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्याचा हात माळेला लागला. बोटांनी फूल ओळखलं. सत्तर वर्षं ज्या फुलावरून बोट फिरवलं, ते ओळखायला डोळे कशाला लागतात? पाडवा जवळ आलेला. त्यांनी एक वडी तोडली आणि तोंडात टाकली.

मी त्यांचं ओरडणं ऐकलं आणि धावले. ते खाली बसले होते, तोंडातून फेस, हातांनी ओठ ओरबाडत होते. मी आमच्या घरून ताकाचं भांडं आणलं आणि त्यांना चुळा भरायला लावल्या. बिराप्पाही आला. तो सारखा "थुका, गिळू नगा" म्हणून ओरडत होता. राहीबाई आल्या तेव्हा डॉक्टर येऊन बसले होते. दारातूनच त्यांनी तुटलेली माळ पाहिली आणि सगळं समजल्या. भाजीची पिशवी तिथेच खाली ठेवली.

ओठ, जीभ, टाळू, सगळं सोललं होतं. घशाखाली उतरलं नाही म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. पुढचे किती तरी दिवस नानासो गार पेज आणि दूध यांवर होते, तेही राहीबाई चमच्यानं थेंब थेंब सोडायच्या. बोलता यायला लागल्यावर ते पहिलं वाक्य बोलले ते मी ऐकलं आहे. राहीबाई पायाशी बसल्या होत्या.

"मला वाटलं, साखर आली," नानासो म्हणाले.

राहीबाई उठून मागच्या अंगणात गेल्या आणि पुष्कळ वेळ आत आल्या नाहीत. त्यानंतर साबण बंद. माळा त्यांनी पेटीत घालून कुलूप लावलं.

ज्येष्ठात केरबा महाबळेश्वराहून खाली आला. वडिलांचे ओठ पाहिले, हकीकत ऐकली, आणि फळीवरचे साचे उतरवून एकेक नाकाला लावला. मी तेव्हा नानासोंना दूध द्यायला गेले होते. निघावं की थांबावं ते कळेना.

"ह्यात काय वतलंस?" केरबानं विचारलं.

"साबन."

"कुनाला इचारून?"

"इचारायला घरात हुतं कोन? तुमी वर डोंगरावर. मामंजींना सांगितलं न्हाई ती माजी चूक. त्याची शिक्षा त्यांनी भोगली. ती चूक मी कवा नाकारनार न्हाई."

"आगं, देवाच्या माळंचं साचं हायती ही! पाडव्याला गुढीवर चढत्यात. त्यात करंजीचं तेल वतलंस? माज्या आज्यानं कोरल्यालं..."

"चूल गार पडली हुती. सासऱ्याच्या पाठीला जखमा झाल्या हुत्या राखंच्या धोतरानं. म्या काय करायचं हुतं? साच्यांची पूजा करून त्येंच्या पुढं बसून राह्यचं?"

केरबाचा आवाज चढला. तो साबणाची पेटी उचलून नदीत फेकायला निघाला. तेवढ्यात कोपऱ्यातून नानासो म्हणाले, "आरं, तोंड भाजलं माजं, आन वरडतुयास तू?"

केरबा थांबला.

"बस हितं," नानासो म्हणाले. त्यांना अजून नीट बोलता येत नव्हतं, शब्द जड पडत होते. "साचं फळीवर ठिवून तू गेलास. दोन वरसं त्येला पान्याचा हात लागला नसता. वाळवी लागली असती मंजी कुनावर वरडला असतास? पोरीनं कामाला लावलं. मला त्येचा राग न्हाई. मला राग ह्येचा हाय की माज्या बोटानं मला फसवलं." त्यांनी ओठ पुसले. "साबन करू दे तिला. पन गाठीचं फूल नगं त्येच्यावर. आंधळ्याच्या बोटाला कळलं पायजे, ही साखर न्हवं. तसा साचा करून दे तिला."

"मी?" केरबा म्हणाला.

"मग काय मी कोरू?"

केरबा दोन दिवस साच्यांच्याच मागे लागला. साचे त्यानं चिंच आणि राख लावून घासले, कढत पाण्यात घातले, उन्हात वाळवले. वास गेला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं कुठून तरी बाभळीचं लाकूड आणलं आणि ओसरीवर छिन्नी-हातोडा घेऊन बसला. आज्याची कला त्याच्या हातात नव्हती. साच्याचा टवका उडाला तर दुरुस्त करण्यापुरतंच त्याला येत होतं.

"काय कोरायचं?" त्यानं मान वर न करता विचारलं.

राहीबाई दारात उभ्या होत्या. "कडुलिंबाचं पान कोरा. ते कुनाला ग्वाड लागत न्हाई."

लांब फळी त्यानं घेतलीच नाही. फळी म्हटली की ओळ आली, ओळ आली की गाठीची माळ आली. त्यानं एकेका वडीचा सुटा साचा केला. तळहाताएवढा चौकोनी ठोकळा, आत खोलगट, तळाला पान, आणि दोरा अडकवायला एका बाजूला खाच. पहिलं पान असं झालं की बिराप्पा ते हातात घेऊन म्हणाला, "तंगी, ह्यो तर मीन! मासा!" केरबाला राग आला, पण पुढचंही पान माशासारखंच झालं. कातरलेल्या कडा त्याला जमेनात. राहीबाई म्हणाल्या, "असू दे. मासाबी ग्वाड नसतुया." साचा मग नानासोंच्या हातात दिला. त्यांनी आतून बोट फिरवलं, चौकोनी कड चाचपली, खरखरीत बाभळीवर नख ओढलं, आणि "व्हय, ह्ये चालंल" म्हणाले.

सुट्या साच्यांनी राहीबाईंचं काम खरं तर सोपं केलं. फळीतली एक वडी चिकटली की सगळी माळ खराब व्हायची. आता एक बिघडली तर एकच बिघडली. साचा उलटा करून ठोकला की वडी खाली. जाडही जास्त, त्यामुळे जास्त दिवस पुरायची. घाटावर त्याचं नाव 'माशाचा साबण' असंच पडलं. कडुलिंबाचं पान आहे हे राहीबाईंनी सुरुवातीला सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. वाळायच्या वड्या आता वेगळ्या पडवीत टांगायच्या, मध्ये दार, दाराला कडी. बिराप्पाच्या जिभेनं पास केल्याशिवाय एकही वडी बाहेर जात नसे.

स्वातंत्र्य आलं त्याच हिवाळ्यात साखरेवरचा निर्बंध उठला. केरबा तोवर दर दिवाळीला वर जात होता आणि पावसाला खाली येत होता. बातमी कळली तसा तो हॉटेलचं काम सोडून आला. येताना त्याचा चेहरा बदललेला होता. चूल सारवली, कढई घासली, आज्याचे साचे रात्रभर पाण्यात घातले. सकाळी नानासो चुलीजवळ पाट घेऊन बसले. पाक उकळायला लागला. "उतर," नानासो म्हणाले, आणि केरबानं उतरवला. किती तरी वर्षांनी त्या घरातून साखरेचा वास आला. गल्लीतली माणसं दारात जमली.

पहिली माळ पांढरीशुभ्र निघाली. केरबानं एक गाठ तोडून वडिलांच्या हातावर ठेवली. नानासोंनी ती तोंडात घातली, चघळली, आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"करंज," ते म्हणाले.

केरबानं स्वतः खाऊन पाहिली. मी पण पाहिली. साखरेच्या मागून, अगदी शेवटी, तो कडवट उग्र वास यायचा. लाकडानं तो पार आत पिऊन घेतला होता. राहीबाई चुलीच्या पलीकडे उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला आठवतो. भांडणात जी बाई नवऱ्यापुढे तसूभर हलली नव्हती, ती त्या दिवशी खाली बघत होती. सगळे गेल्यावर त्या त्याला एवढंच म्हणाल्या, "ह्ये माज्यामुळं झालं." केरबा म्हणाला, "व्हय, तुज्यामुळंच." पण त्यात आधीचा राग नव्हता. मग त्यानं टोपी घातली आणि साताऱ्याला कोण सुतार साचे करतो याची चौकशी करायला बाहेर पडला.

साताऱ्याच्या सुतारानं नवे साचे करून दिले. फुलं आज्याच्या हातची नव्हती, पाकळ्या थोड्या बोजड, पण पाडव्याला गाठी गेल्या. घरात तेव्हापासून दोन भाग झाले. पुढच्या अंगाला साखर, मागच्या अंगाला साबण, मध्ये नवी भिंत. राहीबाई पलीकडून आल्या की कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय केरबा त्यांना दोऱ्याला हात लावू देत नसे. जुने साचे फळीवर परत गेले. पुढच्या वर्षी पावसाळ्यात नानासो गेले, शांतपणे, झोपेतच.

कंपन्यांचा साबण पुन्हा दुकानात यायला लागला. चकचकीत कागदातला, वासाचा. पेठेतल्या बायका तिकडे वळल्या. आमच्या सासूबाईही वळल्या. राहीबाईंनी त्यांना बोल लावला नाही. घाटावरच्या नेहमीच्या बायका, घोंगड्या धुणारे धनगर आणि मेढ्याचा बाजार, एवढं गिऱ्हाईक उरलं. मेढ्याला माल त्यांचा भाऊ न्यायचा. डोंगरातल्या ओढ्यांना ओढ असते, तिथे मनगटाला बांधलेला साबण बायकांना सोडवत नसे. करंजीच्या बियाही तोच तिकडून आणून द्यायचा. एकदा राहीबाई स्वतः माहेरी जाऊन भावजयीला आणि आसपासच्या चार बायकांना शिकवून आल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, "त्येंनी करवंट्यात केला. झ्याक निघाला. माज्यापेक्षा कडक." हे सांगताना त्यांना हेवा वाटत होता आणि तो त्या लपवत नव्हत्या.

एकोणपन्नास साली साखर पुन्हा रेशनवर गेली. केरबाची चूल दुसऱ्यांदा गार पडली. आता महाबळेश्वरला जायचं वय राहिलं नव्हतं, थंडीत त्याचे गुडघे धरायचे. काही दिवस तो पुढच्या ओसरीवर बसून राहिला. मागच्या अंगाला राहीबाईंचं काम चालू होतं. एक दिवस दुपारी मी रिकामी बाटली घेऊन शेंगतेल उसनं मागायला गेले, तर घाणा ढवळायला घेतलेला, आणि राहीबाईंचा खांदा दुखत होता. सारख्या हात बदलून काठी धरत होत्या. केरबा भिंतीच्या दारात येऊन उभा राहिला. मागच्या अंगाला मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि म्हणाला, "कुठल्या अंगानं फिरवायची?"

"उजव्या," राहीबाई म्हणाल्या. "आन सदरा काडून ठिवा. उडलं तर भोकं पडत्यात."

केरबानं सदरा काढून खुंटीला लावला आणि काठी हातात घेतली. पाक उतरवायची सवय असलेला माणूस, तो थोड्या थोड्या वेळानं काठी वर उचलून धार पाहायचा. "झालं का? झालं का?" असं विचारायचा. राहीबाई साच्यांना मेण लावत बसल्या होत्या. त्या दर वेळी मान वर करून बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून न्हाई."